पोपटाला सोबत कोणाची?

यवतमाळ जिल्ह्यातील गावांत, दारव्हा-दिग्रसपासून वणी-पांढरकवड्यापर्यंत, ओसरीत टांगलेला पोपटाचा पिंजरा हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाचे दृश्य आहे. पिंजरा तोच राहिला. घर मात्र बदलले. पूर्वीच्या घरात दिवसभर माणसांची वर्दळ असे. आजी निवडण-टिपण करीत बसे, पोरे अंगणात खेळत, आल्यागेल्याला पोपट हाक मारी आणि त्याला कोणी ना कोणी उत्तर देई. आज पती-पत्नी दोघेही नोकरीवर जातात, मुले शिक्षणासाठी नागपूर-पुण्याची वाट धरतात, आणि सकाळी दाराला कुलूप लागले की ते उघडेपर्यंत तो पक्षी मुक्या भिंतींकडे पाहत बसतो. काही महिन्यांनी तो अकारण ओरडू लागतो, खाणे टाकतो, चोचीने स्वतःचीच पिसे उपटतो. मग शेजारीपाजारी सल्ला देतात, ‘एकटा आहे बिचारा, त्याला जोडी आणून द्या.’

हा सल्ला दयाबुद्धीने दिलेला असतो आणि तो ऐकणाऱ्याच्या मनातही दयाच असते. ज्या घरात हा प्रश्न उपस्थित होतो, त्या घराने निदान पोपटाकडे पाहिले आहे, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु दयेने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर केवळ दयेने देता येत नाही. त्यासाठी माहितीही लागते. पोपटाच्या जोडीचा प्रश्न वरवर घरगुती दिसला, तरी त्याचे एक टोक जंगलातील झाडाच्या ढोलीत आणि दुसरे टोक देशाच्या कायद्यात गुंतलेले आहे.

प्रथम पोपटाचा एकटेपणा खरा की मानलेला, ते पाहिले पाहिजे. आपल्याकडे पिंजऱ्यात सर्वाधिक आढळतो तो गळ्याभोवती गुलाबी-काळे कडे असणारा कीर जातीचा पोपट. हा थव्याने जगणारा पक्षी आहे. तो खातो थव्याने, उडतो थव्याने, आणि दिवस मावळता शेकडोंच्या, कधी हजारोंच्या संख्येने एकाच झाडांच्या राईत वस्तीला येतो. ज्वारीच्या कणसावर, करडईवर किंवा पेरूच्या बागेवर पोपटांची धाड आली म्हणजे काय होते, हे गोफण घेऊन पाखरे राखणाऱ्या शेतकऱ्याला कोणी सांगावयास नको. हा सारा कल्लोळ म्हणजे त्या पक्ष्याची भाषा आहे. धोका कोठे आहे, फळ कोठे पिकले आहे, आपला कोण आणि परका कोण, हे सारे तो आवाजातून शिकतो व सांगतो. अशा जीवाला एकटे ठेवणे म्हणजे त्याला केवळ आकाशापासून नव्हे, तर समाजापासूनही तोडणे होय.

पोपट माणसासारखे बोलतो याचे कौतुक सर्वांनाच वाटते. तो का बोलतो याचा विचार क्वचितच होतो. रानात मोकळा असलेला पोपट ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत नाही, कारण त्याला बोलावयास त्याचे स्वजन असतात. पिंजऱ्यातल्या पोपटाला स्वजन नसतात, म्हणून तो समोरच्या माणसांनाच आपला थवा मानतो आणि त्या थव्याची भाषा उचलतो. अर्थ न समजता केलेल्या घोकंपट्टीला मराठीत ‘पोपटपंची’ म्हणतात. शाळा-महाविद्यालयांत हा शब्द रोज वापरला जातो. पोपटावर मात्र तो अन्याय करतो. त्याची ती घोकंपट्टी नसून संगतीसाठी केलेली विनवणी आहे. दुसरा पोपट शेजारी आला, तर पहिल्याचे माणसांशी बोलणे बहुधा कमी होते, असे पक्षी पाळणारे सांगतात. तेव्हा जोडी आणावयाची की नाही, या प्रश्नात आणखी एक प्रश्न दडलेला आहे : पोपट आपल्या सोबतीसाठी आहे, की आपण त्याच्या?

एकटेपणाचा परिणाम पक्ष्याच्या शरीरावरही होतो, असे दर्शविणारे संशोधन झाले आहे. ऑस्ट्रियातील संशोधकांनी २०१४ साली आफ्रिकेतील करड्या पोपटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पेशीतील गुणसूत्रांच्या टोकांना एक संरक्षक भाग असतो आणि वयोमानाप्रमाणे तो झिजत जातो. एकट्याने ठेवलेल्या पोपटांत हा भाग जोडीने राहणाऱ्या त्याच वयाच्या पोपटांपेक्षा अधिक आखूड आढळला. स्वित्झर्लंडने तर २००८ च्या आपल्या प्राणिसंरक्षण नियमांत समूहाने राहणाऱ्या प्राण्यांना, आणि त्यांत पोपटांनाही, सजातीयाची सोबत मिळालीच पाहिजे, असे बंधन घातले. तेव्हा ‘पक्ष्याला कसले आले एकटेपण?’ असे म्हणून हा प्रश्न झटकून टाकता येणार नाही.

मग शेजाऱ्यांचा सल्ला मानावा काय? येथे थांबून पिंजऱ्यातला पक्षी कोणता, हे विचारले पाहिजे. कारण त्यावरच उत्तर अवलंबून आहे.

तो कीर असो, डोके मनुक्याच्या रंगाचे असणारा तुईया असो वा आकाराने मोठा पहाडी पोपट असो, या साऱ्या देशी जाती वन्यजीव आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र त्यांच्यावर आहे. २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आणि नव्या रचनेत या पोपटांना दुसऱ्या अनुसूचीत स्थान मिळाले. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पोपट हा जणू मांजरासारखा घरगुती प्राणी आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. सुशिक्षित कुटुंबांतही हा कायदा अनेकांच्या गावी नसतो. रोज नियम-पोटनियमांची फाईल चाळणारा कारकूनही घरच्या पिंजऱ्याकडे त्या दृष्टीने पाहत नाही.

परंतु केवळ कायदा आहे म्हणून गप्प बसावे, एवढेच सांगणे पुरेसे नाही. कायद्यामागचे कारण अधिक महत्त्वाचे आहे. बाजारात लपूनछपून विकले जाणारे पोपटाचे पिल्लू येते कोठून? या जिल्ह्यात जुना साग आहे, मोह आहे, वड-पिंपळ आणि चिंचा आहेत. पानगळीच्या दिवसांत, पळस फुलू लागण्याच्या सुमारास, पोपटाची मादी अशा जुन्या झाडांच्या ढोलीत चार-सहा अंडी घालते. सुमारे तीन आठवड्यांत पिले बाहेर येतात आणि आणखी सहा-सात आठवडे ती ढोलीतच वाढतात. पिल्ले चोरणारा नेमका याच काळात झाडावर चढतो. हात पोचला नाही तर ढोली फोडली जाते, प्रसंगी फांदीच तोडली जाते. पोपटाला स्वतः नवी ढोली कोरता येत नाही. सुतार-तांबटांनी कोरलेल्या किंवा झाड कुजून झालेल्या ढोलीचाच तो आश्रय घेतो. म्हणजे एक ढोली फुटली की त्या वर्षाचीच नव्हे, तर पुढच्या कित्येक वर्षांची पिले गेली. पकडलेल्या पिलांपैकी कित्येक कोंदट टोपलीत व चुकीच्या आहाराने गिऱ्हाइकापर्यंत पोचण्यापूर्वीच मरतात. घरच्या पोपटासाठी आणलेली ‘सोबत’ म्हणजे असे एक वाचलेले पिल्लू होय. एकाचे एकटेपण घालविण्यासाठी दुसऱ्याला त्याच्या भावंडांतून उचलून आणावयाचे, यात दया कोठे उरली?

शिवाय ही जोडी जमेल, याची तरी शाश्वती काय? कीर पोपटाच्या नराच्या गळ्यातील कडे पूर्णपणे उमटण्यास सुमारे तीन वर्षे लागतात. तोवर नर आणि मादी डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. ‘ही मादी आहे’ असे विकणाऱ्याने सांगितले, तर तो अंदाज असतो किंवा थाप. या जातीत वर्षाचा बहुतेक काळ मादीचाच वरचष्मा असतो. नर तिला बिचकून असतो आणि विणीच्या हंगामात चोचीतला घास भरवून तिची मनधरणी करतो. मोकळ्या रानात न पटले तर उडून जाता येते. हात-दीड हात लांबीच्या पिंजऱ्यात न पटले तर जाणार कोठे? बोट तुटणे, डोळा जाणे, कमजोर पक्षी उपाशी राहणे, असे प्रकार अशा जबरदस्तीच्या संसारात घडतात. लोकगीतांनी आणि लोककथांनी राघू-मैनेची जोडी अजरामर केली आहे. पण पोपट आणि मैना या दोन निराळ्या जाती आहेत, आणि त्यांचा संसार केवळ माणसाच्या कल्पनेत थाटलेला आहे. पोपटाची जोडी आणतानाही बहुतेक घरे अशाच कल्पनेच्या आहारी जातात.

सोबत आणून द्यावी की नाही, हा प्रश्न या जिल्ह्याच्या एका रहिवाशाच्या बाबतीत थोड्याच वर्षांपूर्वी फार मोठ्या पातळीवर चर्चिला गेला होता. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ च्या जून महिन्यात तेथून निघाला. त्याच्या गळ्यात माग काढणारा पट्टा होता, म्हणून त्याचा प्रवास जगाला कळला. तेलंगणाचा काही भाग आणि विदर्भ-मराठवाड्याचे जिल्हे पालथे घालीत, शेते, नाले, हमरस्ते ओलांडीत त्याने नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरांहून अधिक वाटचाल केली आणि बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात तो स्थिरावला. लोकांनी त्याला ‘वॉकर’ असे नाव दिले. त्या अभयारण्यात दुसरा वाघ नव्हता. २०२० साली वनखात्यापुढे प्रश्न आला : त्याच्यासाठी एखादी वाघीण आणून सोडावी काय?

या प्रश्नाचा विचार कसा झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. वाघ हा स्वभावतः एकटा हिंडणारा प्राणी. तरी वंशवृद्धीची ओढ त्याला आहेच. परंतु अभयारण्य सुमारे दोनशे चौरस किलोमीटरांचे, भोवती शेती आणि विरळ झालेले जंगल. वाघीण आणली, बछडे झाले, तर त्यांना भक्ष्य पुरेल काय? मोठे झाल्यावर ते जातील कोठे? गावकऱ्यांशी संघर्ष उभा राहिला तर उत्तरदायी कोण? एकट्या वाघाविषयी वाटणाऱ्या सहानुभूतीला अधिकाऱ्यांनी व तज्ज्ञांनी असे प्रश्न विचारले आणि हा निर्णय सोपा नसल्याचे उघडपणे सांगितले. जी सोबत आणावयाची तिचे पुढे काय, हा विचार त्यांनी प्रथम केला. वाघाच्या बाबतीत जी सावधगिरी योग्य, ती पोपटाच्या बाबतीत अनाठायी कशी ठरेल? पोपट लहान आहे म्हणून त्याच्या आयुष्याचा निर्णय बाजारातल्या पाच मिनिटांत उरकावा, असे थोडेच आहे!

अर्थात येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. जंगलातली पिले वाचवावयाची म्हणून आज पिंजऱ्यात असलेल्या पोपटाने आयुष्यभर एकाकी राहावे काय? दहा-पंधरा वर्षे घरात वाढलेल्या पक्ष्याने कायद्याचे कलम वाचलेले नाही; त्याचे दुःख तर आजचेच आहे. हा आक्षेप खोटा नाही. पिंजऱ्यातला कीर पोपट वीस-पंचवीस वर्षे जगू शकतो. म्हणजे हा प्रश्न दोन-चार महिन्यांचा नाही.

काहींना यावर एकच उपाय सुचतो : पिंजऱ्याचे दार उघडून त्याला सोडून द्यावे. हा उपाय उदात्त दिसतो, पण बहुधा प्राणघातक ठरतो. वर्षानुवर्षे न उडालेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ नसते. कापलेली पिसे पीसझडीनंतरच पुन्हा येतात. रानातले अन्न शोधणे त्याला ठाऊक नसते, आणि मांजर वा शिक्रा यांच्यापासून जीव कसा वाचवावा हे त्याला कोणी शिकविलेले नसते. त्याला थव्यात परत जावयाचे असेल, तर मोठ्या जाळीच्या दालनात आपल्या जातीच्या पक्ष्यांबरोबर काही काळ राहून, उडण्याचा सराव करूनच ते शक्य होते. हे काम घराच्या गच्चीवर होणारे नाही. ते वनखात्याचे आहे. नागपुरात सेमिनरी हिल्स येथे वनखात्याचे वन्यप्राणी उपचार केंद्र आहे, आणि १९२६ या क्रमांकावर खात्याशी संपर्कही साधता येतो. जो पक्षी पुन्हा मोकळा होऊ शकत नाही, त्यालाही अशा ठिकाणी सजातीयांची संगत मिळू शकते. पोपटाला सोबत द्यावयाची, तर ती अशी द्यावयास हवी; सोबतीला त्याच्याकडे आणण्याऐवजी त्याला सोबतीकडे नेले पाहिजे.

येथे शासनाचेही कर्तव्य आहे. पोपट घेऊन वनखात्याच्या दारात जावे तर आपल्यावरच गुन्हा दाखल होईल, ही भीती सामान्य कुटुंबाला वाटते आणि ती निराधार म्हणता येत नाही. भीतीपोटी लोक पिंजरा आतल्या खोलीत नेतात. पक्ष्याचा उरलासुरला उजेडही जातो. जो नागरिक आपण होऊन पक्षी स्वाधीन करतो, त्याला आरोपी न मानता सहकारी मानण्याचे धोरण खात्याने जाहीरपणे सांगितले पाहिजे आणि आपला रोख पिले चोरणाऱ्या व विकणाऱ्या साखळीकडे ठेवला पाहिजे. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी अशा पक्ष्यांसाठी एक प्रशस्त दालन उभारणे हे काही अवाढव्य खर्चाचे काम नव्हे. सागाच्या जंगलांसाठी ओळखल्या जाणाऱ्या यवतमाळने त्यात पुढाकार घ्यावा, हे उचितच होईल. आणि पक्षी स्वाधीन होईपर्यंतच्या काळात? त्या काळात कुटुंबानेच त्याचा थवा व्हावयाचे. पिंजरा मोठा करणे, वैशाखातल्या उन्हाच्या झळांपासून तो दूर ठेवणे, कुरतडावयास फांद्या व कणसे देणे, आणि दिवसाकाठी तास-दोन तास त्याच्याशी खरोखर बोलणे, एवढे ऋण त्याला घरात आणणाऱ्यांनी फेडलेच पाहिजे.

याउलट पिंजऱ्यातला पक्षी विदेशी असेल, तर उत्तर निराळे आहे. बाजारात ज्यांना सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात, ते रंगीबेरंगी चिमुकले पक्षी बहुधा ऑस्ट्रेलियातील बजरीगर असतात. १८४० साली जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने ते जिवंत इंग्लंडमध्ये नेले आणि तेव्हापासून त्यांच्या पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढत आल्या. ते येथल्या रानात सोडावयाचे नाहीत आणि त्यांच्यासाठी येथली ढोलीही फुटत नाही. असा एकटा बजरीगर घरी असेल, तर त्याला सजातीय सोबती आणणेच न्यायाचे होय. मात्र तेथेही घाई नको. नवा पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावा, कारण पोपटवर्गीय पक्ष्यांचा श्वसनाचा एक रोग माणसांनाही जडतो. मग दोन पिंजरे शेजारी ठेवून त्यांची ओळख होऊ द्यावी. नंतरच ऐसपैस, उंचीपेक्षा लांबीने मोठ्या पिंजऱ्यात दाणापाण्याची भांडी दोन ठेवून त्यांना एकत्र आणावे. पिले नको असतील तर घरट्याची पेटी ठेवू नये. दोन नर सहसा गुण्यागोविंदाने राहतात, दोन माद्या भांडण्याचा संभव अधिक. वयात आलेल्या नराच्या चोचीवरील मांसल भाग बहुधा निळा, तर मादीचा तपकिरी असतो. आणि बजरीगराची सोबत म्हणून देशी पोपट किंवा पोपटाची सोबत म्हणून बजरीगर कधीही आणू नये. मोठ्याची चोच धाकट्याच्या जिवावर बेतते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलांच्या शर्यती व जल्लिकट्टूच्या खटल्यात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा पुरस्कार केला. भूक-तहान, क्लेश, वेदना आणि भय यांपासून मुक्ततेबरोबरच स्वाभाविक वर्तन करण्याची मोकळीक हेही त्यांतील एक आहे. थव्याने राहणे हे पोपटाचे स्वाभाविक वर्तन होय, आणि एका पिंजऱ्यात दोन पक्षी कोंडल्याने थवा तयार होत नाही. बंदी मात्र एकाचे दोन होतात.

म्हणून देशी पोपट पाळणाऱ्या घरापुढचा खरा निर्णय दुसरा आणावा की नाही, एवढाच नाही. हा पहिलाच शेवटचा ठरवावयाचा की नाही, हा तो निर्णय आहे. आजवर घरोघर असे घडले की एक पोपट मेला, पिंजरा रिकामा दिसू लागला आणि दुसरा आणला गेला. रिकाम्या पिंजऱ्यानेच पुढचा पक्षी मागितला. ही परंपरा तोडण्याचे काम शिक्षक वर्गात आणि विद्यार्थी आपल्या घरात करू शकतात. शाळेच्या आवारातील जुने, पोकळ झालेले झाड ‘निरुपयोगी’ म्हणून तोडले जाऊ नये, एवढा आग्रह धरला तरी कित्येक पोपटांना खरे घर लाभेल. ज्या मुलांनी त्या झाडाच्या ढोलीतून डोकावणारे पिल्लू पाहिले आणि त्याला उडून जातानाही पाहिले, त्यांना पोपट पिंजऱ्यात असावा असे पुन्हा वाटणार नाही.